ताप उतरला, पण कशाने?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देतो.

वय चौतीस. एकत्र कुटुंब, द्राक्षबाग, घरात लहानमोठी चार मुलं. थोरल्या दिरांचं गावातच मेडिकल आहे. घरात कुणाला ताप आला की रात्री दुकान बंद करून येताना तेच औषध घेऊन येतात. मोठ्यांना अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या, लहानांना त्याचंच सिरप, त्यानं भागलं नाही तर सेफिक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक. 'आजवर दरवेळी गुण आला,' असं ताई लिहितात. दिवाळीनंतर त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला ताप भरला. तीन दिवस एक औषध झालं, दोन दिवस दुसरं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. आठव्या दिवशी मुलाला मिरजेला नेलं. आधी काय काय दिलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ताईंनी सगळं सांगून टाकलं. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून बघायची तपासणी, निगेटिव्ह आलं, तरी लक्षणांवरून टायफॉइड धरून शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरायला पाच दिवस लागले. मुलगा आता ठणठणीत आहे, शाळेत जातो.

घरातलं मात्र बिनसलं. 'कल्चरच्या आधी अँटिबायोटिक द्यायला नको होतं,' हे डॉक्टरांचं वाक्य दिरांच्या कानावर गेलं. तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं आहे. सासूबाई म्हणतात, 'घरातलं बाहेर सांगितलंस आणि वर एवढं बिल करून आलीस. त्याच गोळ्या अजून चार दिवस दिल्या असत्या तर उतरला असता.' आणि आता चार वर्षांच्या धाकटीला सर्दी आणि दोन दिवसांचा ताप आहे. डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलं. फ्रिजमध्ये मुलाच्या सिरपची अर्धी बाटली पडून आहे, सासूबाई ती द्यायला सांगतात. ताई विचारतात: मी डॉक्टरांना सांगितलं ते चुकलं का? पुढच्या वेळी दिरांना नाही कसं म्हणू? आणि धाकटीला मोठ्या औषधाशिवाय ठेवणं बरोबर आहे का?

ताई, आधी धाकटीचं बोलू, बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल.

ती बाटली देऊ नका. लहान मुलांची ही औषधं बहुधा पावडरीत येतात. पाणी घालून एकदा हलवली की त्यांचं आयुष्य मोजकं उरतं: औषधाप्रमाणे पाच ते चौदा दिवस, मग फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर कपाटात. तुमची बाटली ती मुदत केव्हाच ओलांडून गेली आहे. शिवाय मात्रा नऊ वर्षांच्या मुलाच्या वजनाची होती. आणि हे दोन्ही अडथळे नसते तरी नाक वाहणं, शिंका, खोकला आणि दोन दिवसांचा ताप हे चित्र बहुतेक वेळा विषाणूचं असतं. त्याच्यावर त्या बाटलीतल्या औषधाचा काडीचाही परिणाम होत नाही.

मुलीला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, दोन मात्रांमध्ये निदान सहा तासांचं अंतर, आणि पेज, भाताचं पाणी, वरणाचं पाणी, जे ती पिईल ते. तापासाठी दुसरी कुठलीही 'जोरातली' गोळी नको. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर पुन्हा दाखवा. श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, पाणी पिणं थांबलं, लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं, झटका आला किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. हे छापून येईपर्यंत धाकटी अंगणात धावत असेल अशी माझी अटकळ आहे, पण ही यादी घरोघरी उपयोगाची म्हणून इथे दिली.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मला जरा थांबायचं आहे: 'आजवर दरवेळी गुण आला.' तुमचं, सासूबाईंचं आणि भाऊजींचं, तिघांचंही सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे. घरातला नेहमीचा ताप आठवून बघा. पहिल्या दिवशी अंग मोडतं, दुसऱ्या दिवशी ताप चढतो, दुसऱ्या रात्री भाऊजी गोळ्या आणतात, चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस उठून बसतो. विषाणूचा साधा ताप औषधाविनाही तीन ते पाच दिवसांतच उतरतो. तीन दिवसांचा कोर्स आणि आपला आपण बरा होणारा ताप यांचं वेळापत्रक एकमेकांशी इतकं जुळतं, की श्रेय दरवेळी गोळीच्या खात्यात जमा होतं. गोळीला परीक्षा द्यावी लागलीच नव्हती. मुलाच्या वेळी पहिल्यांदा द्यावी लागली.

अझिथ्रोमायसिन वाईट औषध आहे असं समजू नका. फार चांगलं औषध आहे. १९८० मध्ये झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. जिवाणू जगण्यासाठी स्वतःची प्रथिनं स्वतः बनवतो, हे औषध नेमकं तेच काम बंद पाडतं. विषाणूकडे प्रथिनं बनवायचं स्वतःचं साधनच नसतं, तो आपल्या पेशींकडून ती बनवून घेतो. मग हे औषध त्याचं बंद काय पाडणार? दुसरा गुण असा की ते रक्तातून उतींमध्ये जाऊन साठतं आणि फार हळूहळू बाहेर पडतं. तीन गोळ्या संपल्या तरी त्यांचा अंमल पुढे बरेच दिवस राहतो. म्हणूनच तो सुटसुटीत तीन गोळ्यांचा कोर्स निघाला, आणि सुटसुटीत म्हणूनच तो इतका बोकाळला. २०१९ च्या विक्रीच्या आकड्यांवरून झालेल्या अभ्यासात आपल्या देशात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक हीच ५०० मिलिग्रॅमची गोळी निघाली. दुसरा नंबर सेफिक्झिम २०० चा. म्हणजे भाऊजींच्या पिशवीतली जोडी देशाच्याच पिशवीतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र ही दोन्ही औषधं जपून वापरायच्या गटात ठेवली आहेत.

अझिथ्रोमायसिन लागू पडतं ते काही प्रकारच्या न्यूमोनियाला, पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांच्या घशाच्या जिवाणू-संसर्गाला, झाडाझुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसला, डोळ्यांच्या खुपऱ्यांना. आणि टायफॉइडलाही. टायफॉइडचा जिवाणू आपल्या पांढऱ्या पेशींच्या आत दडून बसतो आणि हे औषध त्या पेशींच्या आत पोचतं. पण टायफॉइडसाठी ते साधारण सात दिवस, वजनाप्रमाणे मोजून द्यावं लागतं. तीन दिवसांत ताप थोडा दबतो, जिवाणू निपटत नाही.

तुमच्या मुलाला टायफॉइडच होता का? छातीठोकपणे मी सांगू शकत नाही, मिरजेचे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. खरं नुकसान तिथे झालं. टायफॉइडचा जिवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात फिरत असतो. तेव्हा रक्त काढून कल्चरला लावलं तर तो वाढवून बघता येतो, शिवाय कुठल्या औषधानं मरतो आणि कुठल्या नाही तेही कळतं. ही तपासणी मुळातच नाजूक आहे. सगळं वेळेवर केलं तरी निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांतच जिवाणू हाती लागतो. आधी अँटिबायोटिक गेलं असेल तर ती शक्यता आणखी घसरते. तुमच्याकडे पाच दिवस दोन वेगवेगळी औषधं गेली होती.

गावोगावच्या लॅबमध्ये होणारी विडाल ही तपासणी १८९६ सालची आहे. ती जिवाणू बघत नाही, आपल्या शरीरानं त्याच्याविरुद्ध काय तयार केलं ते बघते. आपल्या भागात पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेलेले लोक इतके आहेत, की एकदाच केलेली विडाल दुसऱ्याच तापातही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. 'विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड निघाला' हे वाक्य ऐकलं की मी तरी पुढचे दोन प्रश्न विचारतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तुम्ही सांगितलंत ते चुकलं नाही. तुम्ही लपवलं असतं तर डॉक्टरांनी तो निगेटिव्ह रिपोर्ट खरा धरला असता, टायफॉइड नाही असं समजून भलतंच शोधत बसले असते. कल्चर का कोरं आलं याचा उलगडा तुमच्या बोलण्यातून झाला. एक मात्र सांगतो. डॉक्टरांनी ते वाक्य ज्या तऱ्हेनं उच्चारलं ती तऱ्हा मला पटली नाही. आजारी लेकराच्या बापासमोर घरच्या माणसाला आरोपी करून काय मिळतं? तेच म्हणणं 'पुढच्या वेळी गोळी सुरू करण्याआधी मला फोन करा' असंही सांगता आलं असतं.

सासूबाईंच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे, हे तुम्हाला आवडणार नाही. टायफॉइडला अगदी बरोबर औषध दिलं तरी ताप लगेच उतरत नाही, चार ते सहा दिवस घेतो. इंजेक्शननंही पाच दिवस घेतलेच ना? मग योग्य मात्रेत अझिथ्रोमायसिन पुढे चालू ठेवलं असतं तर कदाचित उतरलाही असता. पण आठवा दिवस उलटलेला, ताप का येतो याचा पत्ता नाही, आणि टायफॉइडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याची भीती असते. अशा वेळी 'कदाचित'वर लेकराला घरी ठेवत नाहीत. बिलाबद्दल त्यांना येणारा संशय मी झटकणार नाही. गरज नसलेल्या तपासण्या आणि कमिशन या गोष्टी आम्हा डॉक्टरांच्या धंद्यात आहेत, लोकांनी त्या भोगल्या आहेत. त्याला उपाय एकच, डॉक्टरांना तोंडावर विचारायचं: तुम्हाला काय वाटतंय, यात अँटिबायोटिक कुठलं आणि कशासाठी, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर परत येऊ? जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो तो बदलावा. तीन दिवसांत ताप उतरला नाही एवढ्यावरून मात्र बदलू नये. दर तीन दिवसांनी नवा दवाखाना आणि नवी गोळी हा टायफॉइड लांबवायचा आपल्याकडचा रुळलेला मार्ग आहे.

हे सगळं भाऊजींना कसं पटवायचं? तुमचे यजमान बागायतदार आहेत, त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारणी होते. तेच ते बुरशीनाशक पुन्हापुन्हा मारलं की डावणी त्याला दाद देईनाशी होते, म्हणून औषध आलटून-पालटून मारतात. आणि थ्रिप्स या किडीवर डावणीचं औषध कुणी मारत नाही. टायफॉइडच्या जिवाणूनंही डावणीसारखंच केलं आहे. क्लोरॅम्फेनिकॉलनं १९४८ पासून टायफॉइड बरा होऊ लागला. पुढे ते आणि त्याच्या जोडीची औषधं चालेनाशी झाली. नव्वदच्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिन आलं तेव्हा लोकांना चमत्कार वाटला होता. आज आपल्याकडच्या बहुतेक टायफॉइडच्या जिवाणूंवर तेही भरवशाचं राहिलेलं नाही. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून जो टायफॉइड पसरला, तो तर तुमच्या मुलाला दिलेल्या इंजेक्शनाच्या जातीलाही, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनलाही, जुमानत नाही. तिथे पोटातून घ्यायचं हाती उरलेलं औषध म्हणजे अझिथ्रोमायसिन. तेच आपण शिंकांवर खर्च करतो आहोत.

भाऊजींची बाजूही बघू. तुमच्या पत्रात ते जरा खलनायकासारखे आले आहेत. दिवसभर दुकानात उभं राहून आलेला माणूस पुतण्यासाठी औषध घेऊन येतो, पैसे घेत नाही. त्याला 'तुझ्यामुळे झालं' असं ऐकावं लागलं तर तोंड फिरवणारच. आणि ही सवय त्यांनी हवेतून उचललेली नाही. सर्दी-तापाला 'सोबत असू दे' म्हणून अँटिबायोटिक लिहिलेल्या चिठ्ठ्या रोज त्यांच्या काउंटरवर येतात, त्या आम्हा डॉक्टरांच्याच असतात. चिठ्ठीविना द्यायला नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

तरी कायदा कायदा आहे आणि तो त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असणार. अझिथ्रोमायसिन औषध कायद्यातल्या शेड्यूल एच या यादीत येतं, चिठ्ठीविना विकता येत नाही. सेफिक्झिमला तर १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ तुम्ही पाहिली असेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये हे लोकांना कळावं म्हणून २०१६ मध्ये सरकारनं तिची मोहीमही काढली होती. घरात ती रेघ दिसली की थांबून विचारायचं, इतकं मुलांनाही शिकवता येतं.

दुसरा प्रश्न नाही कसं म्हणायचं हा. माझं ऐकाल तर नाही म्हणूच नका, त्यांना दुसरं काम द्या. आधी यजमानांनी एकट्यानं भावाशी बोलावं, तुम्ही नाही आणि सासूबाईंसमोर तर नाहीच. 'दादा, तू पोरासाठी धावलास हे आम्ही विसरलो नाही. डॉक्टर बोलले ते वाईट वाटण्यासारखं होतं,' एवढं आधी होऊ दे. पुढचं काही दिवसांनी. मग ताप आला की तुम्ही म्हणा, 'भाऊजी, थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल आणा, वजनाप्रमाणे किती द्यायचं ते बघून सांगा. उद्याही राहिला तर डॉक्टरांना फोन तुम्हीच लावा, तुम्हाला त्यांची भाषा कळते.' फोनवर एका बाजूला फार्मासिस्ट असला की डॉक्टरही नीट बोलतात, आणि निर्णयात भाऊजींचा मान राहतो. चिठ्ठी आली की गोळ्या त्यांच्याच दुकानातून घ्या. सासऱ्यांना हृदयाची औषधं चालू असतील तर नवं औषध त्यांच्याशी जमतं का, हेही त्यांनाच बघू द्या. अझिथ्रोमायसिन काही औषधांबरोबर ठोक्यांची लय बिघडवू शकतं, हे त्यांना ठाऊक असेल. फ्रिजमधली बाटली त्यांच्याच हातात द्या, दुकानातल्या मुदत संपलेल्या मालाबरोबर ती जाईल. मोरीत किंवा उकिरड्यावर ओतू नका.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्याबद्दल, रागावू नका. भाऊजींच्या गोळीवरचा तुमचा विश्वास उडाला, पण तो गोळीवरून उठून इंजेक्शनावर जाऊन बसला. म्हणून धाकटीला 'फक्त तापाचं' औषध मिळालं तेव्हा तुम्हाला चुकल्यासारखं झालं. त्या डॉक्टरांनी मुलगी तपासली, छाती ऐकली, कान-घसा बघितला आणि मग अँटिबायोटिक दिलं नाही. तेवढ्यासाठीच त्यांची फी असते. चिठ्ठीवर औषधाचं एकच नाव असलं म्हणून डॉक्टरांनी काही केलं नाही असं होत नाही.

शेवटी पाण्याचं, कारण घरात अजून तीन मुलं आहेत. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो, आजारी माणसाच्या विष्ठेतून पुढे जातो. बरं झाल्यावरही काही आठवडे मुलाच्या शौचातून जिवाणू जाऊ शकतात, म्हणून त्यानं साबणानं हात धुणं आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात स्वयंपाक करणाऱ्या कुणाला पूर्वी टायफॉइड झाला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. काही जण बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं जिवाणू बाळगतात, त्यांना स्वतःला काहीच होत नाही. पिण्याचं पाणी महिनाभर तरी खळखळ उकळून घ्या. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, रोज पडतं का, ते जलसुरक्षकाला विचारा, नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणारी ओटी टेस्ट तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. लाईन फुटून गटाराचं पाणी मिसळलं असेल तर आधी शेजारच्या घरांतही ताप निघतो, तीही चौकशी करा.

टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या वरच्या बाळालाही देता येते, एकाच डोसाची आहे. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये ती मोहीम काढून मुलांना दिली होती. आपल्याकडे बहुधा ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागेल. धाकटीचा ताप उतरला की तिच्यासाठी आणि जाऊबाईंच्या मुलांसाठी विचारा. ज्याला नुकताच टायफॉइड धरून उपचार झाले, त्याला किती आठवड्यांनी द्यायची हे मिरजेच्या डॉक्टरांकडून कळेल. लस थंड साखळीत, म्हणजे वाटेत कुठेही तापू न देता, आणावी लागते, आणि ते काम भाऊजी करू शकतात.